ओजसच्या वाक्यांची वही

वेंगुर्ले, श्रावण

चि. शर्वरीस अनेक आशीर्वाद.

चतुर्थीला ओजसला घेऊन येतेयस, बरं झालं. ऑटिझम असल्याने भरल्या घरात त्याला झेपेल का, असं तू फोनवर विचारलंस. झेपेल, पण तयारी घराने करायची आहे, आणि त्यात मखराच्याही आधी आपलं बोलणं येतं.

त्याची बेरा, म्हणजे ऐकण्याची तपासणी, चांगली आली, म्हणजे कानापासून मेंदूच्या देठापर्यंतची वाट मोकळी आहे. पुढचं काम, म्हणजे गलक्यातून शब्द वेगळे काढणं आणि त्यांचा अर्थ लावणं, त्या तपासणीत मोजलं जात नाही. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं अडतात ती तिथे. पंख्याची घरघर, मिक्सर, टीव्ही हे सगळं आपला मेंदू आपोआप मागे सारतो. या मुलांना ते जड जातं. त्यात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना कुणी स्वयंपाकघरातून हाक मारली, तर ती त्याच्यासाठी नुसती आवाजात आवाज. म्हणून जवळ जायचं, त्याच्या उंचीला बसायचं, नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं आणि दोन-तीन शब्दच बोलायचे. मग मनात दहा आकडे मोजायचे. हे दहा आकडे मोठ्या माणसांना फार लांब वाटतात. चौथ्यालाच तोंड उघडतं. ‘ओजस, जेवायला ये. अरे चल ना, पान वाढलंय. येतोस की नाही?’ यात आपण एकच गोष्ट सांगितली, पण त्याच्याकडे तीन वाक्यं पोचली, आणि दरवेळी आधीचं अर्धवट टाकून त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पुन्हा सांगायचंच झालं तर तेच शब्द, त्याच क्रमाने. आणि ऐकताना तो आपल्याकडे बघत नसेल तर बघायला लावू नये. बघणं आणि ऐकणं एकदम करताना अनेकांचं ऐकणं सुटतं.

मराठीची एक खोड इथे आडवी येते. आपला नकार शेवटी येतो. ‘पळू नको’ म्हटलं की आधी पोचतं ते ‘पळू’. ‘नको’ मागून येतं आणि कित्येकदा पोचतच नाही. मूल पळतं आणि आपण त्याला उर्मट ठरवतो. ‘हळू चाल’, ‘थांब’, ‘हात खाली’ असं जे करायचं तेच सांगावं. ‘भात हवा की पोळी?’ यावर तो बहुतेक वेळा ‘पोळी’ म्हणत असेल, तर एकदा क्रम उलटा करून बघ. तेव्हा ‘भात’ म्हणाला तर ती निवड नव्हे, वाक्याचं शेपूट आहे. दोन्ही वस्तू समोर धराव्यात आणि हात कुठे जातो ते बघावं.

‘तुला पाणी हवं?’ असं तो स्वतःच म्हणतो, तेव्हा तो पाणी मागत असतो. पाणी मिळतं त्या वेळचं आख्खं वाक्य त्याने उचललेलं आहे. तुझ्याकडून उचललेलं ‘मी जाते’ही तो तसंच म्हणेल, मामेभावंडांनी हसू नये, हे मी बजावून ठेवीन. त्याला दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य आपणच म्हणावं, ‘मला पाणी हवं’, आणि लगेच पेला द्यावा.

मामी ‘हयसर ये’ म्हणणार, तू ‘इकडे ये’. त्याच्या लेखी ही दोन वेगळी वाक्यं. मालवणी बंद करू नका. दोन बोलींमुळे बोलणं मागे पडत नाही, ऑटिझममध्येही नाही. फक्त ये, बस, थांब, पाणी, शू, बाहेर एवढ्या सहा गोष्टींना घरातल्या सगळ्यांनी सारखे शब्द वापरायचे. ती यादी स्वयंपाकघराच्या दाराला लावते. शू आणि तहान यांची जाणीवही आतून उशिरा येते, तेव्हा दर दोन तासांनी आपणच न्यावं.

आता आरती. आपल्याकडे ती तासभर चालते, त्यात झांजा. ढोलकीपेक्षा झांज वाईट, कारण तिचा आवाज उंच, धारदार आणि एकाएकी येणारा. कानांवर घालायचे मफ साधारण 20 ते 25 डेसिबल आवाज कमी करतात. ते आत्तापासून रोज पाच मिनिटं, आवडीचा खेळ चालू असताना घाल. त्या दिवशी प्रथमच चढवलेस तर तो भिरकावून देईल. दिवसभर मात्र ठेवायचे नाहीत, कारण शांततेला सवकलेल्या कानांना मग साधा आवाजही बोचतो. त्याला ओटीच्या दाराशी बसवू, बाहेर जाण्याची वाट मोकळी ठेवून, हातात छोटी घंटा देऊन. स्वतः केलेला आवाज कधी येणार हे माहीत असतं, म्हणून तो सोसतो. मखराच्या माळेचं बटण दाबून दिवे स्थिर ठेवू, लुकलुकणारे नकोत.

आरतीआधी दहा मिनिटं त्याला पिशवीत दोन नारळ घालून खळ्यातून माजघरात आणायला सांगायचं, पुन्हा पुन्हा. ओझं वाहताना सांध्यांना आणि स्नायूंना जो ताण मिळतो, त्याने कित्येक मुलं निवतात. झोपाळ्याचे संथ झोकेही त्याच कामाचे. फुगडीची गरगर मात्र चेतवते, तेव्हा झोपण्याआधी ती नको. कपड्यांची लेबलं कापून आण, आणि ओले कपडे लगेच बदल. गालगुच्चे घेणाऱ्या आत्यांना मी आवरीन. हलका, अचानक स्पर्श त्याला टोचतो. सांगून दिलेला घट्ट हात चालतो.

तरीही बांध फुटला तर तो हट्ट समजू नका. हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. इथे काहीही दिलं तरी थांबत नाही. मागच्या खोलीत न्यायचं, दिवा मालवायचा, बोलायचं नाही. ‘काय झालं?’ हा प्रश्नसुद्धा त्या वेळी ओझंच. ओसरायला अर्धा तासही लागू शकतो.

जेवणाचं थोडक्यात: कोरडा भात वेगळा, बाकी काही मिसळायचं नाही, ताटली घरचीच आण. मोदक खाल्ला नाही तर नाही.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकणार नाही. यातल्या पुष्कळ मुलांना पाण्याची ओढ असते, धोक्याची जाण उशिरा येते, आणि हाक मारली तरी ती वळतीलच असं नाही. वाट चुकलेल्या अशा मुलांच्या जिवावर सगळ्यात जास्त बेततं ते पाण्यानेच. बावीवर जाळी बसवून घेते, मागच्या दाराला वरची कडी लावते. त्याच्यावर नजर ठेवण्याचं काम तासातासाने एकाच माणसाच्या नावावर, कारण ‘सगळे आहेत ना’ म्हणजे कुणीच नाही. समुद्रावर हात धरूनच.

कोकण रेल्वेच्या गाडीत रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. त्याआधी खिडकी लाव, मफ चढव आणि ‘अंधार, मग उजेड’ एवढंच सांग. लहान बोगद्यांनाही तेच शब्द.

आता तुझं काम. तो कुठली वाक्यं कुठल्या वेळी म्हणतो, ते एका वहीत लिही: डावीकडे त्याचे शब्द, उजवीकडे अर्थ. जाहिरातीतली ओळ, लिफ्टमधली सूचना, काहीही असो. ती ओळ प्रथम ऐकली तेव्हा त्याला काय हवं होतं किंवा कशाची भीती वाटली होती, तिथे बहुधा अर्थ सापडतो. ‘दरवाजा बंद करा’ म्हणजे ‘मला इथून जायचंय’ असेल, तर ते बाबांना आणि मामीला आधी कळायला हवं. चतुर्थीच्या आठ दिवस आधी वही कुरियरने पाठव. सगळ्यांना वाचून दाखवते.

तुझी,
आई