तो वेळू शोभेचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या कांदाटी खोऱ्यावर पानभर लेख आला. तापोळ्याला गेलेल्या पुतण्याने अंक आणून दिला, म्हणून आठवडाभराने का होईना वाचायला मिळाला. लेख चांगला आहे. 'मिनी काश्मीर' हा शब्द त्यात तीनदा आलाय, पण तो तापोळ्याच्या पाट्यांवरही असतो, तेव्हा एकट्या लेखकाला काय बोलायचे! माझे म्हणणे एका फोटोपुरते आहे. एका घराच्या पडवीत वाशांना आडवा टांगलेला लांब वेळू त्यात दिसतो आणि खाली ओळ छापली आहे, 'डोंगरी घराची साधी सजावट'. ते घर माझे आहे आणि तो वेळू आजारी माणसाला खांद्यावरून खाली न्यायच्या डोलीचा आहे.

मी 32 वर्षे माथाडी होतो. आधी मशीद बंदर, नंतर वाशीचा बाजार. जावळी, पाटण, महाबळेश्वरची निम्मी माणसे याच कामाला मुंबईला गेली, त्यातलाच मी. निवृत्त झाल्यावर गावी परतलो. ओझे कसे उचलायचे ते मला कळते. पण पोते बोलत नाही आणि कण्हत नाही, हा फरक इथे आल्यावर समजला.

दोन वर्षांपूर्वी जुलैच्या अखेरीस थोरल्या वहिनींना परसात फुरसे चावले. वेळ दिवेलागणीची. दिवा मात्र नव्हता, कारण चार दिवसांपासून लाईट गेलेली. आमची वाडी डोंगराच्या माथ्यावर, घरे 14, त्यातली सात कुलूपबंद. डोलीला एका वेळी दोन खांदे लागतात, पण उतारावर पाच-दहा मिनिटांत खांदा बदलावा लागतो, म्हणून निदान सहा माणसे हवीत. वाडीत आम्ही चौघे निघालो आणि त्यात मी, वय वर्षे 66, धाकट्यांपैकी एक. खालच्या वाडीतून दोन पोरे हाका मारून बोलावली.

घोंगडीची झोळी करून वेळूला बांधली, वर प्लास्टिकचा कागद टाकला. पुढचा माणूस पायाने दगड चाचपतो आणि मागच्याला सांगतो, 'डावीकडे निसरडे', 'इथे मोठी पायरी'. मागच्याला पायाखालचे काहीच दिसत नाही, त्याला फक्त झोळी दिसते. निम्म्या वाटेवर वहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा खाली ठेवा, तुम्ही दमलात." पाय मांडीपर्यंत सुजलेला, आणि काळजी आमची!

अडीच तासांनी कोयना धरणाच्या पाण्याच्या काठावर पोचलो. जुलैत धरण भरत आलेले असले तरी पाणी आणि जुना काठ यांच्यामध्ये गाळाचा पट्टा राहतो. त्यात गुडघाभर रुतत पाण्यापर्यंत गेलो. लाँच पलीकडच्या काठाला होती. चालकाचा फोन लागेना, कारण लाईट नाही म्हणजे टॉवरही नाही. बॅटऱ्या हलवल्या, आरोळ्या ठोकल्या. लाँच पहाटे साडेपाचला आली. चालकाची चूक नाही, दिवसाच्या फेऱ्या संपल्यावर तो बिचारा घरी जाऊन झोपणारच. वहिनी वाचल्या. पायाचा अंगठा गेला.

लोक विचारतात, घाटाने का नाही गेलात? आमचा तालुका महाबळेश्वर आणि जिल्हा सातारा, पण बाजार, दवाखाना, एसटी सगळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडकडून, रघुवीर घाट चढून येते. कागदावर देशावरचे, पोटापाण्याने कोकणातले, असे आमचे चालले आहे. त्या आठवड्यात घाटात दरड आली होती. पावसाळ्यात ती येतेच. म्हणजे मागे दरड आणि पुढे पाणी.

हे पाणी कायमचे नव्हते. वडील सांगायचे, नदीकाठाने बामणोली, मेढा करत चालत साताऱ्याला जायचे, वाटेत वस्ती लागायची. 1960 च्या दशकात कोयनेचे पाणी अडले आणि ती वाट, ती वस्ती, खाचरे सगळे बुडाले. शंभरच्या आसपास गावे उठली. कोणी सोलापूर, सांगलीकडे गेले, कोणी ठाणे, रायगडला, आणि आमच्यासारखे काही डोंगर चढून वर सरकले. 105 टीएमसीचे धरण आणि 1960 मेगावॉटचा प्रकल्प. मुंबईत असताना मला त्याचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. खिडकीतून पाणी दिसते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आम्हाला वर्षभर लागू नाही, झरा एप्रिलमध्ये आटतो तेव्हापासून पाऊस लागेपर्यंतच लागू आहे.

लेखकाने चकदेवच्या शिड्यांचे वर्णन फार रंगवून केले आहे. कोकणातल्या आंबवलीकडून कड्याला लावलेल्या त्या शिड्या चढताना ट्रेकर मंडळींचे फोटो निघतात. त्याच शिड्यांवरून बायका डोक्यावर बोचके घेऊन ये-जा करत आल्या आहेत, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते. गव्यांचे कळपही त्यांनी कौतुकाने लिहिले आहेत. खरेच देखणा प्राणी. पण नाचणी कणसावर आली की तो रात्रीतून वावर मोकळे करतो. व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहायचे तर हे चालायचेच, म्हणून आता अर्धी वरकस जमीन आम्ही पेरतच नाही. शाळेबद्दल लिहीत नाही, कारण पट चारवर आल्यावर ती बंद झाली आणि चारही पोरे आता मामाकडे नाहीतर मुंबईला आहेत.

आता तापोळ्याजवळ पुलाचे काम निघाले आहे, शेकडो गावे घेऊन 'नवीन महाबळेश्वर' नावाचे पर्यटनस्थळ होणार आहे. होऊ दे. पर्यटक आला तर दोन पोरांना गावात काम मिळेल, आणि डोलीला दोन खांदे वाढतील हा माझा स्वार्थ. पण पूल गाडीवाल्यांसाठी आहे. माथ्यावरून काठापर्यंतची वाट तशीच राहील, आणि रस्ता मागावा तर वनखात्याच्या परवानग्यांत माझे उरलेले आयुष्य जाईल. म्हणून मी रस्ता मागत नाही. मागणी एवढीच आहे की जून ते सप्टेंबर एक लाँच रात्री आमच्या काठाला बांधलेली असावी, टाकीत डिझेल आणि चालक मुक्कामाला. त्याला त्या मुक्कामाचा पगार मिळावा. मोजून 122 रात्री होतात. सोबत बिनतारी संच दिला, तर टॉवर बंद पडल्यावर आरोळ्या ठोकाव्या लागणार नाहीत. पर्यटकांचे बोटिंग पावसाळ्यात बंद असते, म्हणजे त्या दिवसांत लाँचा नुसत्या बांधून ठेवलेल्या असतात. त्यातली एक या बाजूला बांधायला काय हरकत आहे, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. अर्ज दिले आहेत, पोच घेऊन जपून ठेवल्या आहेत.

लेखकाला पुन्हा यायचे असेल तर अवश्य यावे, पिठले-भाकरी मिळेल. फोटोतला वेळू मात्र आता तिथे नाही. त्याला मधोमध चीर गेली होती, म्हणून मागच्या अमावस्येच्या सुमारास, कीड लागू नये म्हणून अंधाऱ्या पंधरवड्यात, नवा तोडून आणला. तो अजून ओला आहे, चुलीवरच्या माळ्यावर वाळत टाकलाय.

आपला,
एक वाचक
कांदाटी खोरे, ता. महाबळेश्वर, जि. सातारा