सही अडलेल्या थिसिसबद्दल मनूला

नौपाडा, ठाणे
गुरुवार, रात्री

प्रिय मनू,

रविवारी तू भरल्या ताटावरून उठलीस आणि नेरूळची गाडी पकडलीस. तेव्हापासून फोनवर फक्त "ठीक आहे". बाबा जे बोलले ("सोड मग, बँकेच्या परीक्षा दे") ते काळजीपोटीच, पण ती वेळ नव्हती. त्यांना ते कळलंय. तुझ्याशी बोलायचं म्हणून फोन हातात घेतात आणि ठेवून देतात. दादाचं तेव्हा काय झालं ते अजून त्यांच्या मनातून जात नाही, तुला माहीत आहे.

आधी एकच सांगते. पीएचडीची नोंदणी मागे घ्यायचा अर्ज देऊ नकोस. टाईप करून ठेवला असशील तर तसाच पडू दे. यावर पुन्हा बोलणार नाही.

तुझ्या गाईड सरांनी प्रबंधावर सही केली नाही याला तू "थिसिस रिजेक्ट झाला" म्हणतेस. अगं, तो विद्यापीठाच्या दप्तरी अजून पोचलेलाच नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध सादर झाला की गाईडशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक तो वाचतात. त्यातल्या एकाने नाकारला तर पॅनेलवरच्या पर्यायी परीक्षकाकडे जातो, आणि त्यानेही नाकारला तर पदवी गेली. खरा नकार तो. सरांचा नकार त्याच्या कितीतरी अलीकडचा आहे, आणि या टप्प्यावर नुकसान सगळ्यात कमी. ज्युनिअर मुलांसमोर ते ज्या आवाजात बोलले ते मला अजिबात पटलेलं नाही. पण आवाज आणि आक्षेप वेगळे काढून ठेव. आवाजाला उत्तर देता येत नाही, आक्षेपाला येतं.

तू टेबलावर विसरून गेलेली प्रत मी वाचली. विचारलं नाही, राग मानू नकोस. पान ११८ वर ठाण्याच्या खाडीच्या गाळातल्या तांब्याचा नकाशा आहे, ऐरोलीपासून वाशीपर्यंत लाल ठिपके. शेजारी सरांच्या पेन्सिलीने लिहिलंय, "बॅकग्राउंड कुठला?", आणि खाली दोन रेघा. पेन्सिल इतकी दाबलीय की कागद मागून उमटलाय. माझ्या मते सगळा आक्षेप त्या दोन शब्दांत आहे, बाकीच्या खुणा किरकोळ.

तू पार्श्वभूमी, म्हणजे प्रदूषणाआधी गाळात मुळातच असणारा धातू, म्हणून १९६१ ची जागतिक शेल (चिखलापासून बनलेला खडक) सरासरी घेतलीस : तांबं ४५, झिंक ९५, शिसं २० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). सगळेच घेतात. पण ठाण्याच्या खाडीत जो गाळ येतो तो दख्खनच्या बेसॉल्टचा, आणि त्या खडकात तांबं मुळातच शेलच्या सरासरीहून पुष्कळ जास्त असतं. आकडे घालून बघ. समज तुझा नमुना १३५ पीपीएम. जिओअॅक्युम्युलेशन इंडेक्समध्ये, म्हणजे धातू किती साचलाय ते सांगणाऱ्या आकड्यात, ४५ ला दीडने गुणलं की ६७.५; १३५ भागिले ६७.५ म्हणजे २, त्याचा बेस-२ लॉग १. नमुना 'मध्यम प्रदूषित'च्या उंबरठ्यावर. आता पार्श्वभूमी १२० धर. दीडने गुणून १८०, भागाकार ०.७५, लॉग उणे ०.४२. चिखल तोच, आणि प्रदूषण नाही! बाहेरचा परीक्षक हेच पहिल्या बैठकीत विचारेल. खाडी २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तिच्याबद्दलचं वाक्य थिसिसमध्ये राहत नाही, अर्जांत आणि बातम्यांत जातं. सर तिथे हटून बसले त्याचं मला नवल वाटत नाही.

शिशाचं मात्र उलट आहे. बेसॉल्टमध्ये शिसं अगदी थोडं असतं, तेव्हा पार्श्वभूमी दुरुस्त केलीस की तुझं शिशाबद्दलचं म्हणणं बहुधा आणखी बळकट होईल. म्हणजे चौथं प्रकरण पडत नाही, त्याचा निष्कर्ष बदलतो. हे तुला रविवारी सांगायला हवं होतं, पण तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस आणि बाबांचं बँकपुराण चालू होतं.

आता पार्श्वभूमी आणायची कुठून? तुझ्याकडे कोअर आहेत, चिखलात नळी खुपसून काढलेले उभे गाभे. तळाचे तीन-चार तुकडे काढ. त्यांत धातूंचे आकडे वरून खाली येत येत एका पातळीवर स्थिरावले असतील, तर ती पातळी स्थानिक पार्श्वभूमी म्हणून घेता येते. अजून उतरतच असतील तर कोअर पुरेसा खोल नाही, तसं सरळ लिहून टाक. शिसे-२१० या किरणोत्सारी शिशाने वय काढलेलं नसताना "हा थर टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्याच्या आधीचा" असं वाक्य घालू नकोस; खेकडे आणि निवट्या चिखल वरखाली करतात, थर घड्याळासारखे लागलेले नसतात.

आणि हे नीट ऐक. तू नमुने अॅक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या मिश्रणात) विरघळवलेस. त्यात सिलिकेट पूर्ण विरघळत नाही, आणि शेलचे आकडे मात्र एकूण धातूचे. म्हणजे अर्ध्याची पूर्णाशी तुलना झाली. एकूण धातू काढायचा तर हायड्रोफ्लोरिक अॅसिड लागतं, आणि त्याला तू एकटीने हात लावणार नाहीस. ते काच खातं, म्हणून भांडी टेफ्लॉनची. फ्यूम हूड चालू, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी, आणि खोलीत दुसरं माणूस. पण त्याची गरजच नाही. कोअरच्या तळाचे तुकडेही त्याच अॅक्वा रेजियाने, त्याच वजनाने, त्याच बॅचमध्ये कर. पद्धत एक झाली की तुलना बरोबरीची होते. सोबत ब्लँक (नमुन्याशिवायचं), डुप्लिकेट (तोच नमुना दोनदा) आणि धातूंचे आकडे आधीच माहीत असलेला प्रमाणित संदर्भ नमुना हवाच, त्याची रिकव्हरी, म्हणजे त्या आकड्याच्या तुलनेत तुला सापडलेलं, ८० ते १२० टक्क्यांत यायला हवी. परिशिष्टात ते कोष्टक मला दिसलं नाही. केलं असशील तर लाव. नसेल तर या बॅचपासून कर आणि जुन्या बॅचबद्दल खरं ते लिही.

सगळे नमुने ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेले होते का? धातू बारीक गाळाला चिकटतात. ऐरोलीचा चिखल बारीक आणि एखाद्या जेट्टीजवळचा रेताड असेल, तर तू प्रदूषणातला नव्हे, कणांच्या आकारातला फरक मोजलास असं होईल. पावसाळ्याचे नमुने नाहीत म्हणून सरांनी जी खूण केलीय तिथे भांडू नकोस. 'ऋतुमानानुसार' हा शब्द शीर्षकातून आणि उद्दिष्टांतून काढ. त्यासाठी शीर्षक बदलाची परवानगी सबमिशनच्या आधी घ्यावी लागेल.

लेक्चर झालं. माफ कर. निवृत्त होऊनही फळा पुसलेला नाही, असं बाबा म्हणतात. तुझा पहिला ओहोटीचा दौरा मला आठवतो. गुडघ्याच्या वर चिखल, एक गमबूट तिवरांत रुतून गेलेला, आणि तू दुसऱ्या पायातला तसाच घालून लोकलने ठाण्याला आलीस, बाया डब्यात बघत होत्या. आजीने मोरीत बसवून पाणी ओतलं, आणि तू पिशवी उंच धरून ओरडत होतीस, "नमुन्यावर उडवू नका!" तू पाचवीत असल्यापासून मासुंदा तलावाच्या पाण्याचा रंग वहीत लिहायचीस. ती वही माझ्याकडे आहे. अशी मुलगी नोंदणी मागे घेणार नाही. बघ, म्हटलं होतं पुन्हा बोलणार नाही.

सरांना आज-उद्या मेल करू नकोस, रात्री तर नाहीच. सोमवारी एवढंच लिही : "आपले आक्षेप वाचले. त्यांवर मुद्देवार चर्चेसाठी एक तास हवा." समर्थन नको, इतिहास नको. जाताना एक तक्ता कर. पहिल्या रकान्यात सरांचं वाक्य जसंच्या तसं, मग तुला समजलेला अर्थ, काय करणार, कुठल्या पानावर, कधीपर्यंत. भेटीत बोलणं थोडं आणि लिहून घेणं जास्त. त्याच संध्याकाळी "आज ठरलं ते असं" म्हणून मेल टाक. दोन महिन्यांनी "मी असं म्हटलंच नव्हतं" हे वाक्य येतं तेव्हा तोच मेल उपयोगी पडतो, आणि ते वाक्य चांगल्या माणसांकडूनही येतं.

आक्षेप दर भेटीत बदलू लागले तर मात्र आरएसीची (संशोधन सल्लागार समितीची) बैठक मागून घे. दर सत्राला समितीपुढे उभं राहणं नियमातच आहे, आणि प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीने कारणं नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात. गाईड तिचे निमंत्रक असतात हे खरं, पण बाकीचेही बसलेले असतात. गाईड बदलणं शेवटचा उपाय. प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६, असिस्टंट प्रोफेसरला ४ विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी असलेला, गाळाची रसायनं कळणारा माणूस शोधायचा म्हणजे वेळ जातो. विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल हाही रस्ता आहे, पण तो छळासाठी किंवा अडवणुकीसाठी. पार्श्वभूमी ४५ की १२०, हे लोकपाल ठरवत नाही.

वेळ आहे. नोंदणी जानेवारी २०२३ ची, सहा वर्षं जानेवारी २०२९ ला पुरी होतात. पुढे पुनर्नोंदणीने दोन, आणि मुलींना आणखी दोन. फेलोशिप मात्र पाचच वर्षं. मधल्या महिन्यांचं भाडं आम्ही बघू, त्यात लाज कसली. बाबांनीच हे लिहायला सांगितलंय.

दुरुस्ती झाल्यावर साम्य तपासणी (मजकूर दुसरीकडून उचललाय का ती) पुन्हा कर. १० टक्क्यांपर्यंत अडचण नाही, पण तुझ्याच पेपरमधला मजकूर चौथ्या प्रकरणात आहे, त्याचा उल्लेख करून ठेव.

रूममेट गावाला गेलीय ना? मग उद्यापासून सानपाड्याला मावशीकडे झोपायला जा. तिला मी सांगितलंय, कारण सांगितलेलं नाही. आणि आईशी बोलवत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास लागतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. का लिहिलं हे विचारू नकोस. थिसिस कधीही होईल किंवा होणार नाही, मला तू हवी आहेस. आणि तो अर्ज... जाऊ दे.

एक काम मात्र उद्याच कर. कपाटातल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या झिपलॉक पिशव्या बघ. मार्करची शाई पुसली जाते, आणि नंतर कोअर दोनचा तळ कुठला आणि तीनचा कुठला हे कोणी सांगू शकत नाही. बटर पेपरवर पेन्सिलीने नंबर, खोली, तारीख लिहून चिठ्ठी पिशवीत टाक, आणि दुसरी पिशवी बाहेरून घाल. लॅबमध्ये साफसफाई निघाली तर ते खोकं तिथे ठेवू नकोस. शनिवारी बाबा गाडी घेऊन येतील, लोकलमधून आणू नकोस. त्यांना गेटवर थांबवू नकोस, वर बोलाव आणि चहा दे.

तुझी,
आई