त्या वजाच्या चिन्हाबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, लोरेन्झ रूपांतरं घातली की सगळं कटतं आणि इंटरव्हल तोच उरतो. पण का उरतो?" उत्तर जुळूनही तुझं समाधान झालं नाही, हे मला फार आवडलं. लोरेन्झ रूपांतरं म्हणजे एकाने मोजलेले वेळ आणि अंतर त्याच्या तुलनेत धावणाऱ्या दुसऱ्याच्या मापात बदलणारी सूत्रं. आणि इंटरव्हल म्हणजे दोन घटनांमधल्या वेळात प्रकाश जेवढा जाईल त्याच्या वर्गातून त्या घटनांमधल्या अंतराचा वर्ग वजा करून उरतो तो.

कागद घे. खाली दिवा, त्याच्या बरोबर वर ६ मीटरवर आरसा. प्रकाश वर जाऊन परत येतो, वाट १२ मीटर, वेळ साधारण ४० नॅनोसेकंद. दिव्यापाशी बसलेल्याला निघणं आणि परतणं एकाच जागी घडलं. आता हे सगळं प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने तुझ्यासमोरून चाललंय असं समज. तुला प्रकाश तिरपा चढताना आणि तिरपाच उतरताना दिसेल, कौलारू छपरासारखा. तेवढ्यात दिवा ९ मीटर पुढे गेला आणि छपराच्या दोन्ही उतरणी मिळून १५ मीटर झाल्या. प्रत्येक बाजूचा त्रिकोण ४.५, ६, ७.५ असा बसतो, काढून बघ. प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच, हे आइन्स्टाइनचं १९०५ चं गृहीतक. म्हणून वाट वाढली की वेळही वाढला: ५० नॅनोसेकंद.

आता १५ चा आणि ९ चा वर्ग घे: २२५ मधून ८१ गेले, १४४. वेग ०.८ पट घेतलास तर १५ आणि ९ च्या जागी २० आणि १६ येतील: ४०० मधून २५६ गेले, पुन्हा १४४. दिव्यापाशी बसलेल्याचे १४४ वजा शून्य. वजा आलं ते एवढ्यासाठीच, की इथे वेळ कर्णावर बसलाय आणि कर्णाच्या वर्गातून पायाचा वर्ग काढून आपण उंचीकडे परततोय.

तेव्हा सगळा भार त्या उंचीवर. धावणाऱ्या वस्तूची लांबी आखडते, मग उंची का नाही? सारख्या उंचीच्या दोन काठ्या उभ्या धर, दोन्हींच्या टोकाला खिळा ठोक आणि एकमेकींना खेटून जाऊ दे. धावणारी काठी बुटकी होत असती, तर तिचा खिळा दुसरीवर ओरखडा काढता. पण तिच्यावर बसलेल्याच्या लेखी दुसरीच धावतेय, म्हणजे ओरखडा हिच्यावर उठायला हवा. ओरखडा कुणीही बोट फिरवून तपासावा, तो कोणत्या काठीवर आहे याबद्दल दुमत होऊच शकत नाही. उंच होत असती तरी हाच पेच. म्हणून खिळ्याला खिळाच भिडतो. या आख्ख्या विषयात मला ही काठीच सर्वांत सुंदर वाटते.

गणितज्ञ मिन्कोव्स्कीने १९०८ मध्ये यातून अवकाश-काळाची भूमिती मांडली, ती तुझ्या पुस्तकात आहेच.

एक जागा मात्र मी मोकळी सोडलीय. दोन घटनांमधलं अंतर इतकं असेल की तेवढ्या वेळात प्रकाशही पोचणार नाही, तर वजाबाकी ऋण येते आणि एकच घड्याळ दोन्हीकडे हजर राहू शकत नाही. तिथे माझा दिवा-आरसा चालत नाही. त्या दोन्ही घटना एकाच क्षणी घडल्या असं कोणता निरीक्षक म्हणेल, तिथून सुरुवात कर, आणि आकृतीचा फोटो पाठव.

तुझा,
बाबा