नवा सर्व्हर घेण्याआधी ड्रॉइंगचे पोट तपासा

संपादक महोदय,

आराखड्यांचे काम चालणाऱ्या कार्यालयात ड्रॉइंग उघडायला वेळ लागू लागला की पहिला बोल सर्व्हरला लागतो आणि तो बदलण्याची भाषा सुरू होते. बहुतेक वेळा ही घाई असते.

आधी केबल पाहावी; पाच मिनिटांचे काम आहे. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग दिसतो. तिथे 1 गिगाबिटऐवजी 100 मेगाबिट दिसले, तर मधला नेटवर्क स्विच (संगणकांना जोडणारी पेटी) जुना आहे किंवा केबलमधली एखादी तार तुटली आहे. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटचे दोन जोड्यांवर भागते. म्हणून तुटकी केबलही चालू दिसते आणि कुणाला संशय येत नाही. 80 मेगाबाइटची फाइल यायला मग सेकंदाऐवजी सहा-सात सेकंद लागतात.

खरे दुखणे मात्र फाइलमध्ये असते. ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधून कॉपी-पेस्ट करता करता बिनकामाचे लेयर (थर), ब्लॉक (तयार आकृत्या) आणि लाइनटाइप (रेषांचे प्रकार) साचत जातात. हा कचरा काढणारी 'पर्ज' कमांड बहुतेक जण देतात, पण 'रेगॲप्स' म्हणजे ॲप्लिकेशनांच्या नोंदी पर्जच्या खिडकीतून निघत नाहीत. त्यासाठी पर्जच्या आधी उणे चिन्ह टाकून कमांड द्यावी लागते. आधी फाइलची प्रत काढावी, मग ऑडिट (फाइलमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड) आणि त्यानंतर पर्ज.

एक्सरेफ म्हणजे आपल्या ड्रॉइंगला बाहेरून जोडलेले दुसऱ्या फाइलमधले ड्रॉइंग. ते जोडताना 'अटॅच' निवडले, की ते ड्रॉइंग पुढे जिथे जोडले जाईल तिथे त्याच्या आतली एक्सरेफही लटांबरासारखी येतात. तुमच्या ड्रॉइंगपुरतीच ती हवी असतील तर 'ओव्हरले' निवडावे. पाथ, म्हणजे जोडलेल्या फाइलचा पत्ता, रिलेटिव्ह (आपल्या ड्रॉइंगच्या फोल्डरापासून मोजलेला) ठेवावा. पूर्ण पाथ असला की ड्राइव्हचे अक्षर बदलताच दुवा तुटतो आणि प्रोग्रॅम शोधाशोध करत बसतो. सपोर्ट फाइलच्या (फॉन्ट, लाइनटाइप वगैरेंच्या) पाथांच्या यादीत कधीकाळी बंद केलेल्या सर्व्हरचे नाव राहून गेले असेल, तर तिथून उत्तर येण्याची वाट पाहण्यातच वेळ जातो. ही यादी उघडून पाहणारे फार थोडे! ऑटोसेव्ह आणि एक्सरेफच्या तात्पुरत्या प्रती सर्व्हरवर नव्हे, स्वतःच्या संगणकावर ठेवाव्यात.

एक धोका वेगळाच. सामायिक ड्राइव्हवर कुणी ड्रॉइंग उघडले की ते कुलूपबंद होते, दुसऱ्याला फक्त वाचता येते. क्लाउडशी सिंक होणाऱ्या साध्या फोल्डरमध्ये या कुलपाचा भरवसा नसतो. दोघे एकच फाइल सेव्ह करतात, दोन प्रती तयार होतात आणि कुणाची खरी यावरून दुपार जाते.

नावांचेही तेच. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचे' ही नावे बंद करून प्रकल्प क्रमांक, कामाची शाखा (स्थापत्य, विद्युत वगैरे) आणि पत्रक क्रमांक एवढेच नावात ठेवावे. रिव्हिजनचा क्रमांक फाइलच्या नावात घालू नये, तो टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीत) लिहावा आणि जुनी प्रत वेगळ्या फोल्डरात हलवावी. नाहीतर दर बदलाला नाव पालटते आणि एक्सरेफचे सगळे दुवे पुन्हा जोडत बसावे लागते.

आपला,
एक ड्राफ्ट्समन