चेंबरच्या नटावर जोर नको

मा. संपादक,

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपून पाऊस ओसरू लागला की गोव्यातल्या गॅरेजांपुढे दुचाक्यांची रांग लागते. बहुतेकांना ऑईल बदलायचे असते, काम अर्ध्या तासाचे. पण पावसाळाभर चिखलपाणी खाल्लेला चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठणाऱ्या भागाचा, जुने ऑईल सोडायचा नट (खरा तो बोल्ट, पण म्हणतात सगळे नटच) जागचा हलत नाही. मग पान्यात पाइप घालून जोर लावला जातो आणि नटाचा माथा गोल होतो, नाहीतर चेंबरचे आटे जातात. नट स्वस्तात मिळतो. चेंबर बदलायचा तर अख्खे इंजिन खोलावे लागते.

चेंबर ॲल्युमिनियमचा आणि नट लोखंडी. दोन्हींच्या मधे खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम खाल्ले जाऊन पांढरी भुकटी धरते आणि आट्यांत घट्ट बसते. रोज फेरीबोटीने ये-जा करणाऱ्या किंवा किनाऱ्यालगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ती नटाच्या कडेला दिसतेही. तरी माझ्या मते खरा दोष मागच्या वेळी नट आवळणाऱ्याचा. चेपलेला जुनाच वायसर (नटाखालची चकती) पुन्हा घातला की ऑईल पाझरते. ते थांबवायला नट आणखी पिळतात, आणि पुढच्या वेळी तो सुटत नाही. १२ मिलिमीटर आट्यांच्या नटाला साधारण २४ ते ३० न्यूटन-मीटर (पिळाचे माप) पुरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. म्हणजे वीतभर, २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १२ ते १५ किलोचा जोर. अर्ध्या मीटरच्या पाइपवर ६० किलोचा माणूस उभा राहिला, तर नटावर याच्या दसपट पीळ पडतो.

अडकलेला नट सोडवताना आधी दिशा पक्की करावी. नटाच्या माथ्याकडे तोंड करून पाहिले तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. गाडीवरून वाकून पाना लावणाऱ्याला हीच दिशा उलटी भासते, आणि कितीतरी नट सोडवण्याच्या नादात आवळले जातात. माथ्याभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढावी. गंज सोडवणारे तेल मारून तासभर, जमल्यास रात्रभर थांबावे. मग इंजिन चार-पाच मिनिटे चालवून कोमट करावे. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते. नटाच्या माथ्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ, बेताचे ठोके द्यावेत आणि सहाकोनी गोटी (माथ्यावर टोपीसारखा बसणारा पाना) पूर्ण बसवून एकाच दमदार झटक्याने सोडवावा. फिक्स पाना किंवा बाराकोनी रिंग इथे लावू नये, कोपरे त्यांनीच झिजतात. आच द्यायची तर हॉट एअर गनने चेंबरला. पेट्रोलजवळ ज्योत नको.

माथा गोल झालाच असेल, तर १७ मिलिमीटर माथ्याच्या नटावर १६ ची सहाकोनी गोटी ठोकून बसवावी. तीही फिरली, तर माथ्याच्या कडेवर छिन्नी तिरकी धरून सुटण्याच्या दिशेने ठोकावे. शेवटचा उपाय म्हणजे माथ्यावर दुसरा नट वेल्ड करणे; वेल्डिंगच्या उष्णतेनेही पकड सुटते. हे काम वेल्डरनेच करावे, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून ठेवून. यातले काही हाताशी नसेल, तर इंजिन कोमट असताना ऑईल भरायच्या तोंडातून बारीक नळी घालून सिरिंजने जुने ऑईल ओढून घ्यावे. तळाचा थोडा गाळ राहतो, पण त्या दिवसापुरते निभावते, चेंबरही वाचतो.

आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे आहे. नट वाटेत गळला की ऑईल मागच्या चाकाखाली येते आणि इंजिनही जाम होते. जाडा, स्वतःच आटे पाडत जाणारा नट घुसवणेही वाईट; तो तिरका गेला की चेंबरला चीर पडते. हेलिकॉइल (आट्यांसाठीची तारेची गुंडाळी) बसवून मूळ मापाचे आटे परत आणणे हाच टिकाऊ इलाज. त्यासाठी टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारताना त्याच्या खाचांत ग्रीस भरावे, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटतो. उरलासुरला चुरा धुऊन काढायला, नट लावण्याआधी वरून थोडे स्वच्छ ऑईल ओतून खालून वाहू द्यावे.

नवा नट आधी बोटांनीच, पाच-सहा फेरे सहज जाईल असा लावावा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागला आहे. मगच टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या मापाइतकाच आवळणारा पाना. भाड्याने गाड्या देणाऱ्यांनी आणि पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाल्या) बंधूंनी प्रत्येक वेळी नवा वायसर आपल्यासमोर घालून घ्यावा. काढलेले ऑईल मात्र गटारात किंवा खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) ओतू नये. डब्यात भरून अधिकृत संकलकाला जुने ऑईल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

– एक दुचाकी मेकॅनिक, फोंडा