स्क्रीन माझ्याकडे वळवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, तरी ताईच म्हणतो. तुम्ही माझं वाद्य पुन्हा बोलतं केलंत, त्याचे आभार समोर बसून मानायला हवे होते. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "राहू द्या ना जी काका" म्हणता आणि केबल गुंडाळायला लागता. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव इथे घालत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही.

वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरीकडच्या माणसाला झाडीपट्टीचं नाटक समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला आमचा धानाचा, जंगलाचा पट्टा. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई म्हणजे गावजत्रा भरतात, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या निमित्तानं गावोगाव रात्रभर नाटक. पाहुणे येतात, घरोघरी माणसं मावत नाहीत, आणि रात्री सगळं गाव घोंगड्या-चादरी घेऊन मंडपात. नाटकाचं संगीत जागेवर वाजतं. रंगमंचाच्या पुढ्यात ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, आणि त्यांच्या बाजूला क्लॅरिनेट घेऊन मी. नट रंगात आला की वाक्य लांबवतो, मध्येच कोणी बक्षीस जाहीर करतो, गाण्याला वन्स मोअर येतो. तेवढा वेळ सूर धरून ठेवायचा आणि नटानं मान वळवली की सोडायचा. माझं आयुष्य यातच गेलं. उरलेल्या दिवसांत धानाची शेती.

मग एका पावसाळ्यात सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळालं. आरशात पाहिलं तर चेहरा एका बाजूला ओढलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, बहुतेकांचं बरं होतं. माझंही पुष्कळ सुधारलं. डोळा मिटू लागला, बोलणं सरळ झालं. डावा कोपरा मात्र ढिला राहिला तो राहिलाच. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. वरचे दात माउथपीसवर, खालचा ओठ दातांवर दुमडून रीडच्या, म्हणजे थरथरून सूर काढणाऱ्या पातळ पट्टीच्या खाली, आणि ओठांचे दोन्ही कोपरे गच्च. एका कोपऱ्यातून हवा सुटली की सूर फाटतो. माझा फाटत होता. घरच्यांसमोर वाजवणंही मी सोडून दिलं होतं.

त्या हंगामात आमच्या ऑर्गनवाल्या भाऊंनी माझी जागा कोणाला दिली नाही. सतरंजीवर तबल्याच्या डावीकडे तेवढी जागा मोकळी ठेवून ते रात्र रात्र वाजवत राहिले. माझ्या सुरावटी त्यांनी उजव्या हातानं भरून काढल्या. हे मला तबलजीनं सांगितलं. भाऊ स्वतः कधी बोलले नाहीत.

पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. त्यानं कोणाकडून तरी वापरलेलं अकाई कंपनीचं ईडब्ल्यूआय यूएसबी आणलं, म्हणजे फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. लांबट काळी नळी, वर रबरी माउथपीस, खाली संगणकाला जोडायची वायर. रीड नाही, ओठ आवळायचं काम नाही, फुंक आत गेली की झालं. नाइल स्टायनर नावाच्या अमेरिकन ट्रम्पेटवादकानं या वाद्याची कल्पना यंत्रात उतरवली आणि अकाईनं १९८७ मध्ये ते बाजारात आणलं, असं पुतण्यानं वाचून दाखवलं. बोटांखालच्या किल्ल्या हलत नाहीत, नुसता स्पर्श ओळखतात. सप्तक बदलायला डाव्या अंगठ्याखाली छोट्या रुळ्या. क्लॅरिनेटमध्ये वर चढलं की सूर आठ घरं न चढता बारा घरं चढतो, त्यामुळे खालची आणि वरची बोटं वेगळी ठेवावी लागतात. इथे प्रत्येक सप्तकात बोटं तीच. माझ्या बोटांना हे अंगवळणी पडायला वेळ लागला, पण लागलेला वेळ गोड होता. कितीतरी महिन्यांनी बोटं सुरांच्या कामाला लागली होती.

अडचण एकच. या वाद्याच्या पोटात आवाज नाही. ते संगणकाला नुसते आकडे पाठवतं, की हा स्वर, एवढी फुंक, इतकी दातांची चाव. आवाज सॉफ्टवेअरमध्ये तयार होतो. आणि ते जुळवून देणारा माणूस शोधता शोधता माझी चप्पल झिजली.

मोठ्या शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात लावून पाहिलं तर काहीच वाजेना. त्यांनी पीस खराब आहे म्हणून सांगितलं आणि पाहिल्याचे पैसे घेतले. एका स्टुडिओत आवाज आला, पण फुंकल्यावर मागाहून, आणि हळू फुंका की जोरात, एकसारखाच. तिथला मुलगा म्हणाला, "काका, हे असंच असतं, सवय करा." एका नाटक कंपनीच्या मालकानं तर सरळ सांगितलं की आता कशाला त्रास घेता, ट्रॅक भरून आणा, बटण दाबलं की वाजेल. ट्रॅक नटासाठी थांबतो का? बाप मेल्याच्या प्रवेशात नटाला हुंदका आवरेनासा झाला तर ट्रॅक पुढे निघून जातो आणि तो नट रंगमंचावर एकटा पडतो. रात्र रात्र नाटकं करणाऱ्या माणसानं मला हे सांगावं, याचं मला फार लागलं. अजून लागतं.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी होती, आणि ती मला तुमच्याकडे आल्यावर कळली. प्रत्येकानं लॅपटॉपची स्क्रीन स्वतःकडे ठेवली होती. मी समोरच्या बाजूला, झाकणाच्या पाठीकडे बघत बसलेला. आत काय चाललंय ते त्यांना दिसायचं, आणि मला त्यांचा चेहरा दिसायचा. त्या चेहऱ्यावर "जमत नाही" आलं की मी वाद्य पिशवीत घालायचो.

तुमच्या वडलांच्या साउंड सर्व्हिसच्या गोदामात मी आलो तेव्हा लग्नाचा माल उतरत होता. तुम्ही एका स्पीकरवरची धूळ ओढणीनं पुसली आणि मला बसायला सांगितलं. भजन मंडळात तुम्ही ऑर्गन वाजवता हे ऐकून होतो, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आहे हेही. मी पिशवीतून वाद्य काढलं, तुम्ही वायर जोडली. आणि मग, काही न बोलता, लॅपटॉप उचलून माझ्याकडे तोंड करून ठेवला. तुम्ही माझ्या बाजूला येऊन, वाकून, तिरप्या नजरेनं पाहू लागलात. तुम्हाला नीट दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं.

"काका, वाजवू नका. नुसतं फुंका."

मी फुंकलं. स्क्रीनवर एक उभी पट्टी वर चढली, फुंक सोडली तशी खाली आली. बाजूला आकडा होता. तुम्ही सांगितलं की मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातल्या भाषेत, शून्यापासून १२७ पर्यंतच पायऱ्या असतात, १९८३ पासून जगभरची वाद्यं याच आकड्यांत एकमेकांशी बोलतात. माझी पट्टी सत्तरीच्या आसपास जाऊन थांबायची. पुन्हा फुंकलं, पुन्हा तिथेच. डाव्या कोपऱ्यातून सुटणारी हवा मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होती. मी म्हणालो, "ताई, जोर कमी पडते."

तुम्ही म्हणालात, "जोर बराबर आहे. रेघ चुकली."

मग ती रेघ दाखवलीत. चौकोनात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली तिरपी रेघ. आडवी फुंक, उभा आवाज. १२७ फुंक आली तरच पूर्ण आवाज मिळेल, असं ती सांगत होती. तुम्ही माउस माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तुम्ही फुंक बदलवू नका. रेघ बदलवा. ओढा."

माझी धानाच्या बांधावरची बोटं, नखांत माती. हात थरथरत होता. मी रेघेचा वरचा भाग धरून डावीकडे ओढला, म्हणजे सत्तरीलाच आवाज पुरा होईल. खालचा भाग तुम्ही जरा दाबायला सांगितला, म्हणजे हळू फुंकेला सूर कुजबुजता यावा. आणि मग म्हणालात, आता वाजवा.

मी पहाडी रागातली एक साधी ओळ वाजवली. सूर हळू उमलला, वर भरला, आणि शेवटी माझ्या फुंकेबरोबर विरून गेला. गोदामात माल उतरवणारी पोरं थांबून बघत होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, मुद्दाम वायरकडे पाहत राहिलात. तेव्हा माझे डोळे भरले होते, आणि ते तुम्हाला कळलं होतं, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दलही आभार.

बाकीचं तुम्ही इतक्या सहज केलंत की मी इथे सगळं मांडत बसत नाही. फुंकेचा आकडा एका वाटेनं येत होता आणि सनईच्या आवाजाचे कान दुसऱ्या वाटेकडे होते, म्हणून हळू-जोर एकसारखं वाटत होतं. ती वाट तुम्ही जोडून दिलीत. आवाज मागाहून यायचा तो बफर मोठा असल्यामुळे. बफर म्हणजे बाहेर सोडण्याआधी संगणक आवाजाचे जेवढे नमुने, म्हणजे बारीक तुकडे, साठवून घेतो तो साठा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं १०२४ चा बफर म्हणजे एकट्या त्या टप्प्यावर सुमारे २३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे सुमारे ६. तुम्ही स्वतःच्या साठ्यातलं साउंड कार्ड आणि त्याचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज लवकर पोचवणारं सॉफ्टवेअर, घालून तो बफर खाली आणलात, आणि माझा सूर तबल्याच्या समेवर उतरू लागला. वीज वाचवायला विंडोज यूएसबीचा पुरवठा मध्येच तोडतं, तेही बंद केलंत. स्टुडिओतल्या मुलानं ज्याला "असंच असतं" म्हटलं होतं, ते असं होतं. त्याला माहीत नसेल तर दोष नाही. पण त्यानं "मला माहीत नाही" म्हणायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाला तुमचीच सवय कमी पडते म्हणून परत पाठवणं वाईट.

आणखी एक सांगायचं आहे. पुतण्यानं रंगमंचावर आवाज वाजवायचं गिग परफॉर्मर नावाचं सॉफ्टवेअर घेऊन दिलं होतं, कारण तसंच दुसरं, मेनस्टेज, फक्त ॲपलच्या मॅकवर चालतं आणि आमच्याकडे साधा विंडोजचा लॅपटॉप. गिग परफॉर्मरमध्ये एकेक आवाज, एकेक मांडणी ठेवता येते आणि पायाखालच्या पेडलनं पुढे जाता येतं. तुम्ही माझी नाटकाची वही मागितलीत. कोणत्या प्रवेशाला काय लागतं ते विचारलंत. आणि स्क्रीनवर मराठीत, मोठ्या अक्षरांत ओळीनं लिहिलंत: लग्नाची सनई. नदीकाठची बासरी. आईचा मृत्यू, क्लॅरिनेट खर्ज. सिंधी मार्केटातून आणलेल्या चष्म्यातूनही मला वाचता येईल इतकी मोठी अक्षरं. प्रॉम्प्टर जसा पान उलटतो तसा मी पाय दाबतो आता.

पहिल्या रात्री लग्नाच्या प्रवेशात सनई काढली तेव्हा ऑर्गनवाले भाऊ वाजवता वाजवता उजवा हात उचलून मांडीवर ठेवून बसले. माझ्या ओळी त्यांनी मला परत दिल्या. आईच्या मृत्यूच्या प्रवेशात नटीनं वाक्य गिळलं, उभी राहिली, नुसती उभी. मी खर्ज धरून ठेवला. किती वेळ ते सांगता येत नाही. तिनं मान वळवली तेव्हा सोडला. नंतर विंगेत ती पाया पडली. मी म्हटलं, माझ्या कशाला पडतेस, गोदामातल्या ताईंच्या पड.

आमच्या भागात चांगली माणसं कमी नाहीत, हे मला या दुखण्यानं दाखवलं. रिकामी सतरंजी राखणारे भाऊ. हंगामाचे पैसे अर्धे झाले तरी घरी धान पोचवणारा तबलजी. पुण्यातून रात्रीची गाडी पकडून नुसती वायर द्यायला आलेला पुतण्या. यांच्यातलं कोणीही स्वतःला मोठं समजत नाही. ज्याला येतं त्यानं दुसऱ्याच्या हातात द्यावं, एवढंच ते करतात. तुम्ही माझ्याकडून पेडलच्या केबलचे पैसे घेतलेत, बाकी एक रुपया नाही. साउंड कार्ड "हंगाम होईस्तोवर राहू द्या" म्हणून दिलंत. त्यावर तुमच्या वडलांनी पांढऱ्या रंगानं दुकानाचं नाव लिहिलं आहे. ते मी पुसू दिलेलं नाही, दर खेळाला ते प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवतो.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचं नाव देशभर गेलं आणि आम्हा सगळ्यांची छाती भरून आली. आमच्या नाटकाच्या हँडबिलावर नटांचे फोटो मोठे असतात, असायलाच हवेत. खाली बारीक अक्षरात संगीत साथीची एक ओळ असते. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, क्लॅरिनेट, आणि पुढे आमची नावं. त्या ओळीत यंदा आणखी एक नाव यावं असं मी कंपनीच्या मालकांना सांगितलं आहे. हे ट्रॅकवाले नव्हेत, दुसरे. ते लगेच हो म्हणाले. "ध्वनी जुळणी" असं लिहायचं ठरलं आहे.

आता "राहू द्या ना जी" म्हणू नका. तुमचं नाव वडलांच्या नावासकट लिहायचं की नुसतं तुमचं आणि आडनाव, तेवढं कळवा. वडशाच्या प्रेसमध्ये दसऱ्याआधी मजकूर द्यायचा आहे.

तुमचा,
क्लॅरिनेटवाला काका