विहिरीचं पाणी आणि आठ पायांच्या आया

सॅलिनास, कॅलिफोर्निया
रविवार रात्र

ती. आप्पा आणि आईला साष्टांग नमस्कार, आजीच्या पायावर डोकं.

फोनवर बोलायला बसलं की पहिली दहा मिनिटं जेवलीस का, थंडी आहे का यातच जातात आणि मग चिंटू फोन पळवतो, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. चिंटू, आजीला मोठ्याने वाचून दाखव, मधलं गाळायचं नाही.

आप्पा, परवा तुम्ही म्हणालात ना की निफाडचा पारा पार खाली गेलाय, आपल्या मखमलाबादला पण पहाटे दात वाजतायत, द्राक्षमण्यांची फुगवण थांबली, पिंक बेरीची (मणी गुलाबी पडायची) भीती, म्हणून तीन वाजता उठून विहिरीचं कोमट पाणी ड्रीपला सोडताय आणि बांधाला शेकोट्या पेटवताय. मी फोन ठेवला आणि त्याच रात्री शेजारच्या मुलीने एक व्हिडिओ पाठवला, तो बघून मला झोपच लागेना. समुद्राच्या तळाशी ऑक्टोपसच्या आया अगदी हेच करतायत!

इथून अर्ध्या तासावर मॉस लँडिंग म्हणून बंदर आहे, तिथे मॉन्टेरी बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. समुद्रात खोल खोल रोबो सोडायचा, वर जहाजात बसून तो चालवायचा आणि काय दिसतं ते बघायचं, हे त्यांचं काम. (पगार घेऊन. मी इकडे दिवसभर लेट्यूसची पानं तपासते.) तर इथल्या किनाऱ्यापासून साधारण 130 किलोमीटरवर पाण्याखाली एक विझलेला ज्वालामुखी आहे, डेव्हिडसन सीमाउंट नावाचा, आणि त्याच्या पायथ्याशी 3,200 मीटर खोलीवर ऑक्टोबर 2018 मधे नॉटिलस नावाच्या जहाजाच्या रोबोला एकदम ऑक्टोपसच ऑक्टोपस दिसले. 3,200 मीटर म्हणजे किती, तर आपली कळसूबाई एकावर एक दोनदा ठेवली तर वरचीचं टोक जेमतेम पाण्याबाहेर येईल. उजेड शून्य. पाणी 1.6 डिग्री.

एकेक ऑक्टोपस मोठ्या मोसंब्याएवढा, फिकट जांभळा, आणि सगळ्या बाया उलट्या होऊन, हातपाय अंगावर गुंडाळून खडकाला चिकटलेल्या, पोटाखाली अंडी. वरून बघितलं की मोती पसरल्यासारखं दिसतं म्हणून नावच पर्ल ऑक्टोपस. जवळजवळ 6 हजार मोजले आणि अंदाज 20 हजारांच्या वर आहे असं म्हणतात. एवढी गर्दी तर आपल्याकडे रामकुंडावर पण पर्वणीलाच.

आता गंमत बघा आप्पा. एवढ्या थंडीत अंडं फुटायचं तर पाच ते आठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागायला हवीत असा सगळ्यांचा हिशोब होता, कारण थंडीत सगळं लांबतंच, हे तुम्हाला कुणी शास्त्रज्ञाने सांगायला नको. पण मॉस लँडिंगच्या लोकांनी तीन वर्षं परत परत रोबो पाठवला, अंगावरच्या जखमांच्या खुणांवरून एकेक आई ओळखून ठेवली (आजी कोंबड्या ओळखते तशी) आणि निघालं काय, तर दोन वर्षांच्या आत पिल्लं बाहेर! कारण ज्या फटीत या बसल्यात तिथून जमिनीच्या पोटातलं ऊन पाणी झिरपतंय. ऊन म्हणजे वज्रेश्वरीसारखं नाही हं, घरट्यात साधारण पाच डिग्री, कुठे कुठे अकराच्या जवळ. आपल्या फ्रीजमधल्या बाटलीएवढं गार, पण त्यांच्यासाठी ती शेकोटीच. थोडं बाजूला सरकलं की परत दीड डिग्री, म्हणून जागेसाठी दाटीवाटी. सगळा खेळ तीन-चार डिग्रीचा. तुम्ही ड्रीपने जेवढा फरक पाडायला बघता तेवढाच की! फक्त यांच्याकडे लाईट जात नाही.

2023 मधे हे सगळं छापून आलं. त्याच वर्षी कोस्टा रिकाच्या समुद्रात पण अशीच ऊन पाण्याची जागा, तिथे तर 2013 मधे अंडी बघून लोक म्हणाले होते यातून काही निघणार नाही, आणि दहा वर्षांनी परत गेले तर पिल्लं पोहत निघालेली डोळ्यादेखत दिसली.

आईसाठी वेगळं सांगते. या बाया अंडी घातल्यापासून काही खात नाहीत. तुझ्या नवरात्रात निदान भगर तरी असते, यांना ती पण नाही. इथल्याच पाण्याखालच्या दरीत 1,400 मीटरवर दुसऱ्या जातीची एक होती, तिच्याजवळ ऊन पाणी नव्हतं, 2007 ते 2011, तब्बल 53 महिने एकाच खडकावर अंडी धरून बसली. रोबोने 18 वेळा जाऊन बघितलं, दरवेळी ती तिथेच, हळूहळू रंग उडालेला, कातडी सैल, डोळे धुरकट. समोर खेकडा धरला तरी घेतला नाही. शेवटच्या वेळी गेले तर खडकावर अंड्यांची रिकामी टरफलं आणि ती नाही. पिल्लं निघाली की आई मरते, बहुतेक ऑक्टोपसचं असंच असतं. मला ते टरफलांचं बघून कसंतरीच झालं, व्हिडिओ बंद केला, मग परत लावला.

चिंटूला आवडेल असा एक, हवाईजवळ 2016 मधे 4,290 मीटरवर सापडला, पांढराफटक, भुतासारखा, त्याला सगळे कॅस्परच म्हणायला लागले. त्याच्यासारखेच ऑक्टोपस पेरूच्या समुद्रात तळाला पडलेल्या धातूच्या गोळ्यांवर उगवलेल्या मेलेल्या स्पंजच्या दांड्याला अंडी लावतात, आणि नेमके तेच गोळे लोकांना बॅटऱ्यांसाठी उकरून न्यायचेत. म्हणजे तिथे पण बांधावरून भांडण आहेच. आणि हो चिंटू, ऑक्टोपसला तीन हृदयं आणि रक्त निळं असतं, शाळेत सांग, कुणी खरं मानणार नाही.

बाकी मी बरी आहे, स्वेटर घालते, दोन वेळा जेवते. आप्पा, पहाटे मोटर चालू करायला जाताना कानाला मफलर बांधा आणि बॅटरी घेऊन जा, विहिरीजवळचा तो कठडा अजून तसाच तुटका आहे ना? थंडी उतरली की मण्यात पाणी उतरलं का ते कळवा, फोटो पाठवा. आणि आजीची ती तांबडी कोंबडी खुडूक बसली होती तिचं काय झालं, किती निघाली?

तुमची,
माई